विटा झिजल्या, दरजा उरल्या: एका भिंतीचं आणि धुराड्याचं प्रकरण

फोनवर घरमालक म्हणाले, "बारा वर्षांपूर्वी दरजा भरून घेतल्या होत्या, चांगल्या एकास तीन सिमेंटमध्ये. तरी भिंत आतून ओली होते. आता त्याहून कडक माल लावून परत भरायच्यात. तुम्ही फक्त प्रमाण सांगा."

दरज म्हणजे दोन विटांमधला सांधा, माल म्हणजे तो भरायचं मिश्रण, आणि एकास तीन म्हणजे एक माप सिमेंटला तीन मापं वाळू. जुन्या वीटकामाच्या दुरुस्त्या मी बरीच वर्षं करते आहे. "त्याहून कडक" हे शब्द कानावर आले की मी प्रमाण सांगत नाही, आधी भिंत बघायला जाते.

घर साधारण नव्वद वर्षांचं, एकमजली. भिंती दीड विटेच्या, म्हणजे जवळपास ३४ सेंटिमीटर जाड, सगळं बांधकाम चुन्यातलं. सिमेंटने दरजा भरलेल्या होत्या त्या दोनच ठिकाणी: पावसाचा मारा ज्या बाजूने येतो ती भिंत आणि छपराच्या वर निघालेलं धुराडं. बाकी तीन भिंतींना बांधल्यापासून कुणी हात लावला नव्हता. तीच गोष्ट आमच्या कामी आली. एकाच घरात, एकाच भाजणीच्या विटांवर, दोन वेगळे माल शेजारी शेजारी तपासायला मिळाले.

कोपऱ्यावर उभं राहिल्यावर

कोपऱ्यावर उभं राहिलं की दोन्ही भिंती एकदम नजरेत यायच्या. डावीकडची भिंत हात न लावलेली. तिथला चुना झिजून आत गेलेला, काही ठिकाणी १५ मिलिमीटरपर्यंत. दरजेत बोटाचं टोक सहज बसायचं. पण विटांच्या कडा धारदार, तोंडं सपाट, भट्टीत पडलेला काळपट डागसुद्धा जागच्या जागी.

उजवीकडे बरोबर उलटं चित्र. सिमेंटच्या करड्या दरजा जशा भरल्या तशा सरळ उभ्या, आणि त्यांच्या चौकटीत विटा आत खचलेल्या, आठ-दहा मिलिमीटर खोल. एका विटेचा पोपडा मी नखाने उचलला. तो बिस्किटासारखा सबंध हातात आला आणि त्याच्या पाठीमागे लोणा, म्हणजे भिंतीतून फुटणाऱ्या क्षारांचा पांढरा केसाळ थर होता. खाली जोत्याशी लाल भुकटीचा ढीग साचलेला.

"विटाच हलक्या लागल्या," मालक म्हणाले. "सिमेंट बघा कसं टिकलंय."

"काका, त्या भिंतीच्या विटा आणि या भिंतीच्या विटा एकाच भट्टीतल्या आहेत. तिकडे वीट टिकली, चुना झिजला. इकडे दरज टिकली आणि झीज विटेवर आली. वीट गेली तर भिंत गेली. चुना गेला तर तो परत भरता येतो."

त्यांनी एकदा इकडच्या कोपऱ्यावर हात फिरवला, एकदा तिकडच्या. मग बराच वेळ काही बोलले नाहीत.

पाणी कुठून शिरलं, कुठे अडकलं

सिमेंटचा एक तुकडा छिन्नीने उचकटला तेव्हा उलगडा झाला. तुकडा जेमतेम १२ मिलिमीटर जाडीचा निघाला. बारा वर्षांपूर्वी चुना पुरेसा कोरलाच नव्हता. वरवर खरवडून सिमेंटची पट्टी चिकटवली होती. तिच्या मागचा चुना ओला आणि भुसभुशीत होता, चमच्याने काढावा असा.

पट्टी आणि वीट यांच्यामध्ये केसाएवढी फट होती. सिमेंटचा कडक माल सुकताना आक्रसतो, नंतर भिंत ऊन-पावसात थोडी हलली तरी तो तिच्याबरोबर लवत नाही, आणि विटेच्या कडेने सुटतो. अशा बारीक फटीतून पाणी ओढलं जातं. आत शिरलेलं पाणी चुन्याच्या भिंतीत दरजेतून वाफ होऊन बाहेर पडतं, कारण चुना विटेपेक्षा जास्त सच्छिद्र. इथे ती वाट सिमेंटने बुजवलेली. मग पाण्याला उरली एकच वाट, विटेचं तोंड. पाण्याबरोबर आलेले क्षार विटेच्या पृष्ठभागामागे स्फटिक धरतात, फुगतात, आणि तोंड पोपड्याने सुटतं. बारा वर्षं रोज थोडंथोडं हेच चाललेलं होतं. आतली ओलही त्याच अडकलेल्या पाण्याची. कडक माल पाणी अडवतो असं वाटतं, पण या भिंतीत त्याने पाणी बाहेर जाण्यापासून अडवलं.

मूळ माल कसा होता ते बघायला आतल्या बाजूचा एक कोरडा, धट्टाकट्टा खडा घेतला. ५० ग्रॅम चुरा करून सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात टाकला. फेस थांबल्यावर गाळून, धुऊन, वाळवून ४० ग्रॅम वाळू उरली. (वाळूत चुनखडीचे किंवा शिंपल्यांचे कण असतील तर तेही विरघळतात आणि हिशोब चुकतो. म्हणून न विरघळवलेला चुरा आधी भिंगाखाली बघून घेतला होता.) गेलेले १० ग्रॅम म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. पण गवंड्याने घमेल्यात घातला होता तो विरलेला, म्हणजे पाणी घालून विझवलेला चुना. हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन त्याचं पुढे कार्बोनेट झालं. ७४ ग्रॅम विरलेल्या चुन्याचं १०० ग्रॅम कार्बोनेट होतं, तेव्हा मूळचा चुना ७.४ ग्रॅम. वजनाने हे एकास साडेपाचच्या आसपास येतं. मात्र चुना हलका आणि वाळू जड, त्यामुळे घमेल्याच्या मापाने तेच प्रमाण एकास दोनजवळ जातं. हा फरक मी मुद्दाम लिहिते आहे. वजनाचं प्रमाण तसंच्या तसं गवंड्याच्या हाती दिलं तर माल वाळूसारखा गळून पडेल आणि दोष चुन्याला मिळेल.

धुराड्याचं दुखणं वेगळं होतं

धुराडं चारी बाजूंनी उघडं असतं, आतून धूर आणि बाहेरून पाऊस. तिथल्या दरजा भिंतीच्या आधी जातात यात नवल नाही. पण इथे ओळंबा लावला तर छपरापासून माथ्यापर्यंतच्या १.८ मीटर उंचीत ते ४० मिलिमीटर कललेलं निघालं, पावसाच्या विरुद्ध बाजूला. पावसाकडच्या आडव्या दरजांत सलग चिरा, पलीकडच्या बाजूला जवळजवळ नाहीत.

शेगडीत पूर्वी बरीच वर्षं दगडी कोळसा जळत होता. कोळशातल्या गंधकाचा धूर थंड धुराड्यात दवासारखा धरतो आणि विटांत सल्फेट मुरतं. सल्फेट, पाणी आणि सिमेंटमधलं ॲल्युमिनेट एकत्र आलं की एट्रिंगाइट नावाचे सुईसारखे स्फटिक तयार होतात. ते जागा मागतात, दरज फुगते. जी बाजू जास्त ओली राहते ती जास्त फुगते, म्हणजेच उंच होते, आणि धुराडं कोरड्या बाजूला झुकतं. माथ्यावरचा कोबा तडकलेला होता आणि तो विटांच्या बाहेर निघालेलाच नव्हता, त्यामुळे पाणी थेट भिंतीवरून ओघळायचं. छपराशी असलेली शिशाची पट्टी दरजेतून सुटलेली. आत धूर वाहून नेणारी वेगळी नळी नाहीच.

इथे मालकांशी सगळ्यात अवघड बोलणं झालं. त्यांची इच्छा होती की धुराड्यालाही दरजा भरून भागावं. पण वरच्या थरांतली वीट मी दोन हातांनी धरून हलवली तर ती बुडातून डुलली. दरज भरणं म्हणजे तोंडाकडचे २५ मिलिमीटर नवे करणं. विटेखालचा माल मेला असेल तर नवी दरज हा नुसता मुखवटा, आणि छपरावर उभ्या केलेल्या विटांच्या खांबाला असला मुखवटा लावणं मला मान्य नव्हतं. वरचे ११ थर उतरवून परत बांधायचे आणि त्याखाली, जिथे आतला चुना पक्का होता, तिथे फक्त दरजा भरायच्या, असं ठरलं.

मऊ माल, पण किती मऊ

मालाची ताकद आकड्यांत सांगितली की लोकांना फरक लवकर कळतो. अमेरिकेच्या एएसटीएम सी २७० मानकात मालाचे प्रकार एम, एस, एन, ओ आणि (पूर्वीच्या आवृत्त्यांत) के असे लावलेले आहेत. इंग्रजी मेसन वर्क या शब्दांतली एकाआड एक अक्षरं घेऊन. एमची २८ दिवसांची किमान ताकद १७.२ मेगापास्कल, ओची २.४. बारा वर्षांपूर्वीचा एकास तीनचा माल वरच्या टोकाला मोजावा लागेल. त्या मऊ, जुन्या विटांना खालचं टोक हवं होतं.

आम्ही नैसर्गिक हायड्रॉलिक चुना घेतला, ज्याच्या पोत्यावर एनएचएल लिहिलेलं असतं. चिकणमाती मिसळलेल्या चुनखडीचा चुना पाण्यातही घट्ट होतो हे जॉन स्मीटनने एडिस्टनचं दीपगृह बांधताना, म्हणजे १७५६ ते १७५९ या काळात, प्रयोगांनी पक्कं केलं होतं. पोर्टलँड सिमेंटचं पेटंट त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, १८२४ मध्ये आलं. युरोपच्या मानकात या चुन्याचे २, ३.५ आणि ५ असे वर्ग आहेत, आणि तो आकडा म्हणजे २८ दिवसांची किमान ताकद मेगापास्कलमध्ये. भिंतीला ३.५, अडीच मापं वाळूत. धुराड्याला ५, दोन मापं वाळूत, कारण तिथे हवेचा मारा जास्त.

आमचे मिस्त्री जुने. ते म्हणाले, "ताई, साध्या चुन्यात सुरखी घातली तरी हेच काम होतं." बरोबर होतं त्यांचं. कमी भाजलेल्या विटेची बारीक पूड चुन्याला तोच गुण देते. पण प्रत्येक घाणीची सुरखी सारखी निघेल याची खात्री इथे नव्हती, आणि एका भिंतीवर दोन-तीन छटा व दोन-तीन ताकदी मला नको होत्या. वाळू मात्र त्यांनीच निवडली: धुतलेली, खरखरीत, लहानमोठ्या दाण्यांची, आम्लात उरलेल्या जुन्या वाळूशी रंग जुळणारी. दरजेचा रंग शेवटी वाळूच ठरवते.

कोरणं

नियम सोपा आहे: दरज रुंदीच्या दोन ते अडीच पट खोल कोरायची, आणि तेवढ्यात पक्का माल लागला नाही तर लागेपर्यंत. आमच्या दरजा १० मिलिमीटरच्या, म्हणून निदान २५. चौकोनी, स्वच्छ बुडाची खाच हवी. इंग्रजी व्ही अक्षरासारखी निमुळती खाच नवा माल धरून ठेवत नाही.

आधी एक चौरस मीटरचा नमुना केला. सिमेंटची पट्टी पातळ आणि मागून सुटलेली असल्यामुळे अरुंद छिन्नी आणि हलक्या हातोडीनेच ती लांब तुकड्यांत निघत होती. जिथे घट्ट बसली होती तिथे आडव्या दरजेच्या बरोबर मधून ग्राइंडरने एक चीर द्यायची आणि दोन्ही बाजूंचं सिमेंट छिन्नीने आत पाडायचं, असं ठरवून दिलं. उभ्या दरजांना ग्राइंडर अजिबात लावायचा नाही. उभी दरज विटेच्या उंचीएवढीच, चकती थांबेपर्यंत वरच्या किंवा खालच्या विटेत घुसते.

पहिल्याच सकाळी एका मदतनीस मुलाने घाईत उभ्या दरजेला ग्राइंडर लावला. तीन विटांवर काप गेले. ते काप आजही तिथे आहेत आणि जोपर्यंत भिंत आहे तोपर्यंत राहतील. मला त्याचं फार वाईट वाटलं, कारण त्याला नियम सांगितला होता, पण नियमाचं कारण कुणी सांगितलं नव्हतं. ते आम्ही जेवणाच्या सुट्टीआधीच परांचीवर बसून सांगितलं.

धुळीबद्दल एवढंच: वाळूतली आणि विटेतली सिलिका फुप्फुसात कायमची बसते. तोंडाला रुमाल बांधणं हे संरक्षण नव्हे. घट्ट बसणारा गाळणीचा मास्क, डोळ्यांना चष्मा आणि शक्य तिथे पाणी मारत कापणं यात मी सवलत देत नाही. चुन्याचा ओला माल दाहक असतो, म्हणून हातमोजे भरतानाही काढायचे नाहीत.

पोपडे गेलेल्या विटांपैकी ३७ विटा काढाव्या लागल्या. त्यातल्या निम्म्याहून अधिक मिस्त्रींनी फिरवून बसवल्या, मागचं शाबूत तोंड बाहेर करून. नवी वीट शोधण्यापेक्षा हा उपाय किती तरी चांगला, कारण रंग, माप, भाजणी सगळं तेच. धुराड्यावर हे जमलं नाही. सिमेंट विटेला असं चिकटलं होतं की वेगळं करताना विटाच फुटल्या. खालच्या थरांतल्या चुन्याच्या विटा मात्र थापीच्या एका टोल्याने साफ होत होत्या.

भरणं

आदल्या संध्याकाळी आणि भरण्याआधी तासभर, वरून खाली पाणी मारलं. वीट कोरडी असली तर मालातलं पाणी पिऊन टाकते आणि माल भुकटी होतो. वीट चकाकेल इतकी ओली असली तर माल आक्रसतो आणि चुन्याचे पांढरे ओघळ येतात. हवी ती स्थिती मधली: गडद रंगाची, पण हाताला पाणी न लागणारी.

माल घट्ट कालवला. मुठीत दाबला तर लाडू व्हावा आणि हाताला चिकटू नये इतपत. आधी नुसते खोल खड्डे भरून घेतले, मग पूर्ण दरज थराथराने. दरजेपेक्षा अरुंद पट्टीने माल आत दाबत जायचा, थर साधारण १० मिलिमीटरचा. पहिला थर अंगठ्याला घट्ट लागल्याशिवाय दुसरा नाही. बाहेरून थापीने पुसून घेतलेली दरज दिसायला छान असते, आत पोकळ राहते.

झिजलेल्या कडांच्या विटांत दरज विटेच्या तोंडापर्यंत भरायची नाही. भरली तर १० मिलिमीटरची दरज २० मिलिमीटर दिसते आणि विटेच्या गोल कडेवर चढलेली मालाची पातळ धार पहिल्या पावसातच तुटते. आम्ही कडेच्या किंचित आत थांबलो. माल नखाला ओरखडा देईल पण अंगठ्याला ठसा देणार नाही, अशा वेळी ताठ केसांच्या ब्रशने टोकाटोकाने ठोकून घेतला. ब्रश ओढायचा नाही, ठोकायचा. आवाज सुरुवातीला ओलसर 'थप थप' येतो, माल बसला की कोरडा होतो. मिस्त्री त्या आवाजावरच थांबत. ठोकल्याने माल दाबला जातो, वाळूचे दाणे वर येतात आणि चुन्याला हवा घ्यायला जास्त पृष्ठभाग मिळतो.

त्यानंतर सात दिवस ओली गोणपाटं, भिंतीपासून थोडी सुटी टांगलेली, आणि दिवसातून तीन वेळा बारीक फवारा. चौथ्या दिवशी वाऱ्याने एका टोकाचं गोणपाट पडलं आणि दुपारचं ऊन थेट दरजांवर आलं. संध्याकाळी नखाने खरवडलं तर पीठ पडलं. ते दोन चौरस मीटर आम्ही परत कोरले, परत भरले. चुन्याचं काम पाच अंश सेल्सियसखाली करत नाहीत हे बऱ्याच जणांना माहीत असतं. उन्हानेही तो तितकाच बिघडतो, हे मात्र विसरलं जातं.

धुराड्याचे ११ थर नव्या मालात बांधले, आत स्टेनलेस स्टीलची नळी सोडली, माथ्याचा कोबा चारी बाजूंनी ५० मिलिमीटर बाहेर काढला आणि त्याच्या पोटात पाणी तोडणारी खाच ठेवली. शिशाची पट्टी दरजेत २५ मिलिमीटर खोल घातली.

नंतरचे महिने

तिसऱ्या आठवड्यात मालकांचा घाबऱ्या आवाजात फोन आला की भिंतीला आधीपेक्षा जास्त लोणा आलाय. अडकलेलं पाणी आता दरजांतून बाहेर पडत होतं आणि क्षार वर आणत होतं. कोरड्या ब्रशने झाडा, धुऊ नका, धुतलं तर क्षार परत आत जाईल, असं सांगितलं. वरून सिलिकॉनचा जलरोधक थर द्यावा का, असंही त्यांनी विचारलं. मी नको म्हटलं. ओल्या भिंतीची जी वाट आत्ता मोकळी केली तीच परत बंद झाली असती.

दोन महिन्यांनी एका कोपऱ्यात दरज थोडी खरवडून फिनॉल्फ्थॅलिनचा, म्हणजे अजून कार्बोनेट न झालेल्या चुन्याला गुलाबी करणाऱ्या रसायनाचा, फवारा मारला. बाहेरचे काही मिलिमीटर रंगहीन राहिले, आत गडद गुलाबी. म्हणजे बाहेरच्या चुन्याचं कार्बोनेट झालं होतं, आत अजून चाललं होतं. ते वेळ घेतंच.

दुसऱ्या पावसाळ्यानंतर मी परत गेले. धुराडं ओळंब्यात. भिंतीवर नवा पोपडा एकही नाही, जोत्याशी लाल भुकटी नाही. आतून भिंत कोरडी, फक्त जमिनीलगत हातभर उंचीचा एक पट्टा अजून ओला. बाहेर जाऊन जोतं पाहिलं तर फुलझाडांच्या वाफ्याची माती मूळ पातळीच्या २० सेंटिमीटर वर चढलेली होती आणि भिंत तिच्यातून पाणी ओढत होती. पहिल्या पाहणीत ही माती माझ्या डोळ्यांसमोर होती. मी वर दरजांकडे बघत राहिले. माती उतरवून जोत्याचे तीन थर मोकळे करायचे आणि ते कोरडे झाल्यावरच तिथल्या दरजा भरायच्या, असं आता ठरलं आहे.